नेपाळ की भूतान? खान्देशातून निघताना आधी महिना ठरवा, मग देश

दोन्ही शेजारी देशांत भारतीयांना व्हिसा लागत नाही. पण कागदपत्रे, खर्च, रस्ते आणि हंगाम यांत मोठा फरक आहे. जळगाव-धुळ्याच्या कुटुंबांनी निवड कशी करावी?

सुट्टी जवळ आली की जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे, शिरपूरच्या अनेक घरांत एक चर्चा रंगते. एकदा तरी परदेश पाहायचा आहे. पण व्हिसाची धावपळ नको, आजी-आजोबांनाही सोबत न्यायचे आहे आणि खर्चही आवाक्यात हवा. अशा वेळी दोनच नावे पुढे येतात, नेपाळ आणि भूतान. दोन्ही हिमालयाच्या कुशीतले देश. दोन्हीकडे हिंदीवर बऱ्यापैकी भागते आणि रेल्वेने सीमेजवळ पोहोचता येते.

बहुतेक वेळा निर्णय माणशी किती पैसे लागतील यावर होतो. त्या हिशेबात नेपाळ स्वस्त पडते आणि बुकिंग होते. मात्र खान्देशातल्या प्रवाशांसाठी फक्त हा हिशेब पुरेसा नाही. त्याचे कारण दोन वर्षांपूर्वीच्या, म्हणजे २०२४ च्या श्रावणात दडले आहे.

२३ ऑगस्ट २०२४ रोजी काय झाले?

भुसावळ, वरणगाव, तळवेल परिसरातील भाविक अयोध्या, लुंबिनीमार्गे नेपाळच्या यात्रेला गेले होते. पोखरा येथून काठमांडूकडे जाताना त्यांच्यापैकी काहींची बस तनहुं जिल्ह्यात महामार्गावरून खाली मर्स्यांगदी नदीच्या पात्रात कोसळली. या अपघातात २७ जणांचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी हवाई दलाच्या विमानाने २५ मृतदेह जळगाव विमानतळावर आणण्यात आले. एकाच वेळी इतक्या अंत्ययात्रा पाहण्याची वेळ या गावांवर आली.

त्याच्या सहा आठवडे आधी, १२ जुलै २०२४ रोजी, चितवन जिल्ह्यातील सिमलताल येथे दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या. त्यात साठहून अधिक प्रवासी होते. नारायणघाट-मुग्लिन हा तो रस्ता काठमांडूकडे जाणाऱ्या मुख्य मार्गांपैकी एक आहे.

या दोन घटनांवरून नेपाळला जाऊच नये, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. दरवर्षी लाखो भारतीय तिथे जाऊन सुखरूप परततात. पण नेपाळची सहल म्हणजे प्रामुख्याने डोंगरी रस्त्यांवरचा प्रवास असतो, हे निवड करतानाच लक्षात घ्यायला हवे.

महिना आधी का ठरवायचा?

खान्देशाची सवड आणि हिमालयाचा हंगाम यांचे गणित जुळत नाही, ही खरी अडचण आहे. पेरण्या आटोपल्यावर, कापसाची वेचणी सुरू होण्याआधी शेतकरी कुटुंबाला थोडा मोकळा वेळ मिळतो. त्यातच श्रावण येतो. त्यामुळे गावोगावच्या यात्रा ऑगस्टमध्ये निघतात. नेपाळमध्ये मात्र वर्षभरातील सुमारे ८० टक्के पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. दरडी, खचलेले रस्ते, तासन् तास खोळंबलेली वाहने हे या काळातले नेहमीचे चित्र असते. भूतानमध्येही पावसाळ्यात फुंत्शोलिंग ते थिंफू रस्त्यावर दरडी कोसळतात.

पाऊस सप्टेंबरअखेरीस थांबतोच असेही नाही. २०२४ मध्ये सप्टेंबरच्या शेवटच्या दिवसांत काठमांडू खोऱ्यात महापूर आला. ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात उत्तर बंगालमध्ये अतिवृष्टी आणि दरडींनी हाहाकार उडवला. भूतानला रस्त्याने जाणारे याच भागातून जातात.

महिन्यांनुसार साधारण चित्र असे आहे:

• मध्य ऑक्टोबर ते नोव्हेंबर: दोन्ही देशांसाठी सर्वांत चांगला काळ. आकाश स्वच्छ असते, हिमशिखरे दिसतात, थंडी सोसवणारी असते. दिवाळीच्या सुट्टीत शाळकरी मुलांच्या कुटुंबांची सोय होते. मात्र नेपाळमध्ये दशैं आणि तिहार या सणांमुळे बसगाड्यांना गर्दी असते.

• डिसेंबर-जानेवारी: आकाश निरभ्र, पण कडाक्याची थंडी. उंचावरच्या खिंडीत बर्फ असते. उत्तर प्रदेश, बिहारमधील धुक्यामुळे गोरखपूरकडच्या गाड्या अनेक तास उशिराने धावतात.

• मार्च-एप्रिल: रब्बीची काढणी आटोपलेल्या आणि शाळेची मुले नसलेल्या घरांसाठी हा काळ सोयीचा. डोंगरांवर गुरांस फुललेली असतात. नेपाळमध्ये एप्रिलच्या सुमारास वणव्यांच्या धुरामुळे शिखरे धूसर दिसू शकतात.

• मे: जळगाव, भुसावळचा पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा थंड हवेची ओढ लागते. थिंफू, पारो तेव्हा सुखद असतात. काठमांडूत उकाडा फारसा नसतो, पण लुंबिनी, भैरहवा, जनकपूर हा तराईचा भाग खान्देशासारखाच तापतो. दुपारनंतर वादळी पावसाची शक्यता असते.

• जून ते सप्टेंबर: पर्याय असेल तर टाळावा. यात्रा याच काळात करायची असेल तर रस्त्याचे टप्पे कमी करावेत आणि विमानाचा विचार करावा.

कागदपत्रे कोणती लागतात?

भारत आणि नेपाळ यांच्यातील १९५० च्या मैत्री करारामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. नेपाळसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र चालते. आधार कार्डाबाबत मोठा गैरसमज आहे. १५ वर्षांखालील मुले आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठांसाठीच ते मान्य आहे. या वयोगटाबाहेरच्या प्रवाशाने केवळ आधार घेऊन विमानतळ गाठला, तर तिथूनच परत फिरावे लागू शकते.

भूतानलाही व्हिसा नाही, पण प्रवेश परवाना काढावा लागतो. त्यासाठी किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मूळ निवडणूक ओळखपत्र लागते. लहान मुलांसाठी पासपोर्ट किंवा जन्म प्रमाणपत्र सोबत हवे आणि पालकही बरोबर असावेत. थिंफू, पारोच्या पुढे पुनाखा किंवा बुमथांगला जायचे असेल तर अर्ज करतानाच तसे सांगून परवान्याची खातरजमा करावी.

निवडणूक ओळखपत्रावरील नाव आणि तिकिटावरील नाव एकसारखे आहे का, हे तपासणे गरजेचे असते. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांची इथे बऱ्याचदा अडचण होते. वेळ हाताशी असेल तर पासपोर्टच काढून घेणे उत्तम. जळगाव आणि धुळे येथे टपाल कार्यालयात पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यामुळे मुंबई-नाशिकची फेरी टळते. प्रौढांसाठी ३६ पानी पासपोर्टचे नेहमीचे शुल्क १,५०० रुपये आहे.

भूतान महाग का पडते?

भूतानने पर्यटकांसाठी दारे उघडली ती १९७४ मध्ये. तेव्हापासून थोडे पर्यटक, पण चांगले उत्पन्न हे त्या देशाचे धोरण राहिले आहे. कोविडपूर्वी भारतीयांना तिथे दैनिक शुल्क द्यावे लागत नव्हते. २३ सप्टेंबर २०२२ रोजी देश पुन्हा खुला झाला तेव्हापासून भारतीयांना माणशी, प्रत्येक रात्रीसाठी १,२०० रुपये ‘शाश्वत विकास शुल्क’ भरावे लागते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ते निम्मे, म्हणजे ६०० रुपये आहे. त्याहून लहान मुलांना शुल्क नाही. इतर बहुतेक परदेशी पर्यटकांकडून रात्रीला १०० डॉलर घेतले जातात, त्या तुलनेत भारतीयांना ही सवलतच आहे.

आता हिशेब मांडून पाहू. आजी-आजोबा, आई-वडील, दहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असे सहा जणांचे कुटुंब पाच रात्री भूतानमध्ये राहिले तर:

• चार प्रौढ: ४ × १,२०० × ५ = २४,००० रुपये
• दहा वर्षांची मुलगी: ६०० × ५ = ३,००० रुपये
• चार वर्षांचा मुलगा: शुल्क नाही
• एकूण: २७,००० रुपये

हॉटेल, जेवण, गाडी आणि रेल्वे-विमान हा खर्च वेगळा. स्वतःची किंवा भारतीय क्रमांकाची गाडी आत न्यायची तर दिवसाला ४,५०० रुपये आणखी. पन्नास जणांची यात्रा पाच रात्रींसाठी नेली तर नुसते शुल्कच तीन लाख रुपये होते. सोबत आचारी आणि शिधा घेऊन निघणाऱ्या खान्देशी यात्रा कंपन्या भूतानच्या वाटेला का जात नाहीत, याचे उत्तर या आकड्यात आहे.

दुसरीकडे, याच शुल्कामुळे तिथे गर्दी मर्यादित राहते. पारोचा तक्त्सांग मठ असो की पुनाखाचा किल्ला, धक्काबुक्की होत नाही. सीमेवरच्या फुंत्शोलिंग शहरात एक दिवस फिरून परतणाऱ्यांना मात्र हे शुल्क भरावे लागत नाही.

नेपाळमध्ये खर्च कुठे वाचतो आणि कुठे वाढतो?

नेपाळमध्ये भारतीयांना असे दैनिक शुल्क नाही. धर्मशाळांपासून तारांकित हॉटेलांपर्यंत राहण्याची सोय आहे. शाकाहारी जेवण सहज मिळते. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, मनकामना, जनकपूर, लुंबिनी अशी श्रद्धास्थाने एकाच फेरीत होतात. त्यामुळे ज्येष्ठांची पहिली पसंती नेपाळच असते.

पैसे वाचतात ते सलग, लांब बसप्रवासामुळे. पण त्याची किंमत शरीराला मोजावी लागते. काठमांडू ते पोखरा हे अंतर जेमतेम २०० किलोमीटर आहे. जळगाव ते नाशिक जाण्याइतके ते वाटते. प्रत्यक्षात घाटरस्ता आणि रस्त्याची कामे यामुळे सात ते नऊ तास लागू शकतात. सोनौली सीमेवरून काठमांडू गाठायला पूर्ण दिवस जातो. कमी दिवसांत जास्त ठिकाणे बसवली की चालकाला पहाटे निघून रात्री उशिरापर्यंत गाडी हाकावी लागते. स्वस्त पॅकेजची खरी तपासणी इथेच करायची असते.

विमान हा पर्याय काठमांडू-पोखरा टप्प्यासाठी आहे, तोही निर्धोक नाही. जानेवारी २०२३ मध्ये पोखरा येथे विमान कोसळून त्यातील सर्व ७२ जणांचा मृत्यू झाला. मे २०२२ मध्ये पोखऱ्याहून मुक्तिनाथजवळच्या जोमसोमला निघालेले छोटे विमान कोसळले, त्यातील २२ मृतांमध्ये ठाण्याचे एक कुटुंब होते. जोमसोमच्या बाजूला हवा झपाट्याने बदलते. हवामान खराब असेल तर उड्डाण रद्द होईल, हे गृहीत धरून एक दिवस हातचा राखणे शहाणपणाचे.

खान्देशातून जायचे कसे?

नेपाळसाठी भुसावळ जंक्शन सोयीचे आहे. मुंबईहून गोरखपूरला जाणाऱ्या कुशीनगर, काशी, गोदान अशा गाड्या इथून जातात. साधारण एका दिवसाच्या प्रवासानंतर गोरखपूर आणि तिथून सुमारे ९५ किलोमीटरवर सोनौली सीमा. धुळेकरांना चाळीसगावला येऊन मुख्य मार्गावरील गाडी पकडता येते.

भूतानसाठी प्रवास लांबतो. रेल्वेने न्यू जलपाईगुडी, हासिमारा किंवा न्यू अलीपूरद्वार गाठायला दीड ते दोन दिवस लागतात. हासिमाऱ्याहून जयगाव जवळच आहे आणि जयगावची कमान ओलांडली की फुंत्शोलिंग. तिथून थिंफू सुमारे १५० किलोमीटर, पाच-सहा तास. म्हणजे रेल्वेने जाणाऱ्याचे येण्या-जाण्यातच चार-पाच दिवस जातात. आठवड्याच्या सुट्टीत भूतान करायचे तर मुंबईहून बागडोगरापर्यंत किंवा दिल्ली-कोलकात्याहून थेट पारोला विमान घ्यावे लागते. पारोला दोनच भूतानी कंपन्यांची विमाने उतरतात, त्यामुळे तिकिटे महाग असतात. जळगाव विमानतळावरून थेट परदेशी सेवा नाही.

आजी-आजोबांना कोणता देश झेपेल?

उंचीचा विचार केला तर नेपाळचा नेहमीचा मार्ग सोपा आहे. काठमांडू सुमारे १,४०० मीटरवर, पोखरा तर त्याहूनही खाली. अपवाद मुक्तिनाथचा. ते ३,७०० मीटरच्या वर आहे. एका दिवसात एवढ्या उंचीवर गेल्यास दम लागणे, डोके दुखणे, मळमळणे असा त्रास होऊ शकतो. हृदयविकार, दमा किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावे.

भूतानमध्ये थिंफू आणि पारोच मुळात २,२०० ते २,४०० मीटरवर आहेत. मुक्कामही याच उंचीवर असतो. तक्त्सांग मठ ३,१०० मीटरच्या आसपास आहे आणि तिथवर पायीच जावे लागते. जाऊन-येऊन पाच-सहा तास मोडतात. गुडघेदुखी असलेल्यांना तो खालूनच पाहावा लागतो. मात्र रोजचे अंतर कमी, गाड्या लहान आणि धावपळ कमी, त्यामुळे इतर दिवस ज्येष्ठांना भूतान सुखाचे जाते. जेवणात लाल-हिरव्या मिरच्या आणि चीजची ‘एमा दात्शी’ भाजी असते. तिखटाची सवय असलेल्या खान्देशी जिभेला ती परकी वाटणार नाही.

पैसे आणि फोनचे काय?

एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर कायम ठरलेला आहे. भूतानचे न्गुलट्रम भारतीय रुपयाच्या बरोबरीचे आहे. नेपाळने डिसेंबर २०१८ मध्ये १०० रुपयांपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. या नियमांत बदल होत असल्याने निघण्यापूर्वी बँकेत ताजी स्थिती विचारावी. सोबत १०० च्या नोटा जास्त ठेवल्या तर अडचण येत नाही. दोन्ही देशांत काही ठिकाणी यूपीआयने पैसे देता येतात, पण डोंगरी भागात रोख रक्कमच उपयोगी पडते.

भारतीय सिम रोमिंगशिवाय चालत नाही. सीमेजवळ स्थानिक सिम मिळते. घड्याळ नेपाळमध्ये १५ मिनिटे आणि भूतानमध्ये ३० मिनिटे पुढे करावे लागते. तंबाखू, सिगारेट भूतानमध्ये नेताना सीमेवर जाहीर करावी लागते आणि कर भरावा लागतो. खिशातल्या पुडीबाबतही तिथले नियम आधी विचारून घ्यावेत.

अचानक काही घडले तर?

सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळमध्ये तरुणांचे आंदोलन भडकले. ९ सप्टेंबरला पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला, संसद भवन पेटवण्यात आले आणि काठमांडूचे विमानतळ बंद झाले. महाराष्ट्रातील पर्यटकही तेव्हा अडकून पडले. विमानतळ दुसऱ्या दिवशी सुरू झाले, तरी ज्यांच्याकडे जादा पैसे, औषधे आणि मोकळे दिवस नव्हते त्यांचे हाल झाले.

देशातील आरोग्य विमा सर्वसाधारणपणे परदेशात लागू होत नाही. म्हणून दोन्हींपैकी कोणताही देश निवडला तरी प्रवास विमा वेगळा काढावा. त्यात रुग्णाला हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे पाहावे. भारताचे दूतावास काठमांडू आणि थिंफू येथे आहेत. त्यांचे आपत्कालीन क्रमांक कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवावेत, कारण नेटवर्क नसताना मोबाइलमधील माहिती उघडत नाही.

मग निवड कशी करायची?

• दिवाळीत दहा-बारा दिवस आहेत, देवदर्शन हा मुख्य हेतू आहे, बजेट मर्यादित आहे: नेपाळ.

• सहा-सात दिवस, विमानाचा खर्च झेपतो, छोटे कुटुंब, शांतता हवी: भूतान.

• मे महिन्यात उन्हापासून सुटका हवी: भूतान किंवा काठमांडू-पोखरा, तराईचा भाग वगळून.

• श्रावणात यात्राच करायची आहे: दोन्ही देश ऑक्टोबरनंतर ठेवता येतात का, हे आधी पाहावे.

• दमा, हृदयविकार असलेले ज्येष्ठ सोबत: मुक्तिनाथ वगळून नेपाळ, त्यातही विमानाने काठमांडू.

आयोजकाला पैसे देण्यापूर्वी काही प्रश्न थेट विचारावेत. रात्रीचा बसप्रवास आहे का? बसला दोन चालक आहेत का आणि त्यांना त्या घाटरस्त्यांचा अनुभव आहे का? दिवसाला जास्तीत जास्त किती तास गाडी चालणार? दरड कोसळून रस्ता बंद झाल्यास जादा मुक्कामाचा खर्च कोणाचा? प्रवाशांची यादी, रक्तगट आणि घरच्यांचे क्रमांक कोणाकडे असतील? उत्तरे लेखी मागावीत. आयोजक ती द्यायला टाळाटाळ करत असेल, तर माणशी दोन-तीन हजार वाचत असले तरी दुसरा आयोजक शोधावा.